जाड ओंडक्यांसाठी साखळी-करवतीची काटकसरीने निवड

३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आंब्याची अनेक जुनी झाडे मुळासकट उन्मळून पडली. अशा पडझडीनंतर बागाईतदारापुढे दोन-अडीच फूट जाडीचे बुंधे पडून राहतात. ते वेळीच न हलविल्यास नवी लागवड खोळंबते, लाकडास वाळवी लागते व वर्षभराचे सरपण वाया जाते. एवढे जाड लाकूड कुऱ्हाडीने तोडण्यास मजुरी फार पडते. साहजिकच साखळी-करवत, म्हणजे बाजारात जिला ‘चेन सॉ’ म्हणतात ते यंत्र, घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल होतो. थोड्या पैशांत ही निवड कशी करावी, याचा येथे विचार केला आहे.

पट्टीची लांबी व इंजिनची शक्ती

ओंडका जाड, म्हणून पट्टी लांब हवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. १८ इंची पट्टीने ३० इंच व्यासाचा बुंधा एका बाजूने निम्म्याहून अधिक कापून उरलेला भाग दुसऱ्या बाजूने कापता येतो. त्याकरिता ३० इंची पट्टी व ती ओढणारे महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही.

इंजिन व पट्टी यांचा मेळ मात्र बसला पाहिजे. ४० ते ४५ सीसीच्या इंजिनास १४ ते १६ इंची, ५० ते ५५ सीसीच्या इंजिनास १६ ते १८ इंची आणि ६० ते ७० सीसीच्या इंजिनास २० ते २४ इंची पट्टी योग्य होय. बाजारात ५८ सीसीचे म्हणून विकले जाणारे स्वस्त यंत्र पुष्कळदा २२ इंची पट्टीसह मिळते. लांब पट्टी पाहून ग्राहक हुरळतो. परंतु पट्टी कठीण लाकडात पूर्ण बुडाली की साखळी मंदावते, चालक यंत्र दाबू लागतो आणि क्लच तापून झिजतो. असे यंत्र घेतलेच, तर त्यास १८ इंची पट्टी लावावी. खरेदीच्या वेळी सीसीच्या आकड्याबरोबर किलोवॅटमधील शक्तीही विचारावी. चांगल्या बनावटीचे ५० सीसीचे इंजिन सुमारे अडीच किलोवॅट शक्ती देते.

साखळीची निवड

साखळी घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, गेज आणि पट्टीच्या खाचेत धावणाऱ्या कड्यांची संख्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा म्हणजे पिच, आणि खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी म्हणजे गेज. हे आकडे बहुधा पट्टीवर कोरलेले असतात. पिच दातेरी चक्राशीही जुळला पाहिजे. एकही आकडा चुकल्यास नवी साखळी निरुपयोगी ठरते.

दात दोन प्रकारचे मिळतात. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ लाकडात जलद चालतो, पण माती लागताच बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दात किंचित हळू कापतो, परंतु धार अधिक काळ धरतो. जमिनीवर लोळलेल्या, सालीत माती भरलेल्या आंब्यास आणि वाळलेल्या बाभळीस हाच दात घ्यावा.

धार व तेल

यंत्रातून लाकडाचे कीस पडत असतील तर धार ठीक आहे. बारीक भुकटी पडू लागली की धार गेली असे समजावे. ०.३२५ इंच पिचच्या साखळीस ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. इंधनाची टाकी भरण्याच्या प्रत्येक वेळी प्रत्येक दातावर दोन-तीन सारखे हात फिरवावेत. दोन्ही बाजूंचे दात सारखे न घासल्यास काप तिरका जातो.

पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोक इंजिनचेच तेल मिसळावे. ५० ला १ हे प्रमाण सांगितले असल्यास लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असल्यास ४० मिलिलिटर तेल पडते. निर्मात्याने दिलेले प्रमाण प्रमाण मानावे. पट्टीच्या टाकीत जळके तेल ओतू नये. काम सुरू करण्यापूर्वी पट्टीचे टोक कागदाजवळ धरून यंत्र चालवावे. कागदावर तेलाची रेघ उमटल्यास तेल पोहोचते आहे असे समजावे.

पैशांची वाटणी

हाती शंभर रुपये असतील तर सत्तर यंत्रास व तीस इतर साहित्यास ठेवावेत, असे धोरण हितावह आहे. या तिसात दोन जादा साखळ्या, कानसी, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरी, डोळे व कान झाकणारे शिरस्त्राण आणि पायांचे संरक्षक आवरण यावे. साखळी थांबविणारा ब्रेक नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकताच यंत्र उसळून चालकाच्या तोंडावर येते. अशा वेळी ब्रेकच त्यास वाचवितो. काम एकदाच निघणार असेल, तर माहीतगार चालकासह यंत्र भाड्याने आणणेच स्वस्त पडते.

कापताना घ्यावयाची दक्षता

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असल्यास प्रथम वरून एक-तृतीयांश कापावे व नंतर खालून वर यावे. एक टोक अधांतरी असल्यास प्रथम खालून व मग वरून कापावे. हा क्रम चुकल्यास पट्टी लाकडात आवळली जाते. उन्मळलेल्या झाडाचा बुंधा मोकळा होताच मुळांचा गड्डा खड्ड्यात परत बसतो. त्या बाजूस कोणासही उभे राहू देऊ नये.

उभे झाड तोडावयाचे असल्यास प्रथम परवानगी पाहावी. महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमान्वये साग, आंबा, चिंच आदी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वादळात पडलेल्या झाडाचाही पंचनामा होईपर्यंत त्यास करवत लावू नये, म्हणजे नुकसानभरपाईच्या मागणीस बाध येणार नाही.