आधी इंजिनाला काम दे

अगं, रंगाचा स्प्रे आणलास ते बरं केलंस, पण आज त्याचं झाकण उघडू नकोस. तू पाठवलेले फोटो नीट पाहिले मी. पुढे चार छोटी चाकं, मधे सहा मोठी, लाल खिडक्या, सोनेरी अक्षरं, वर फुग्यासारखं धुराडं. टेन-व्हीलर म्हणतात ते हेच. बागेतल्या रुळांवर धावायला दणकट आहे, सुटे भाग मिळतात, आणि कापाकापीला हात बसवायचा असेल तर याहून चांगलं इंजिन शोधूनही सापडायचं नाही.

आता मोठी बहीण म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. मोठ्या मापाचं अमेरिकन इंजिन हातात आलं की प्रत्येकाला आधी सजवायची घाई होते. पितळी घंटा, नवा दिवा, झगझगीत पट्टे. तू तसं करू नकोस. आधी त्या इंजिनाला काम दे. ते कुठल्या डोंगरात धावतं? माणसं नेतं की खनिज ओढतं? लाकूड जाळतं की कोळसा? आणि साल कोणतं? चारही उत्तरं कागदावर लिहून भिंतीला चिकटव. मग कोणता भाग राहील आणि कोणता करवतीखाली जाईल, यावर तुला फार डोकं शिणवावं लागणार नाही.

तुझं मॉडेल ज्या इंजिनावरून घडवलंय, ते खरं इंजिन अजून चालू आहे. ईस्ट टेनेसी अँड वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना या तीन फुटी (रुळांत तीन फूट अंतर असलेल्या) लाइनचं १२ नंबरचं. १९१७ साली आमच्या फिलाडेल्फियातल्या बाल्डविन कारखान्यात तयार झालं. तिकडचे लोक त्या गाडीला ट्वीटसी म्हणतात, आणि नॉर्थ कॅरोलायनात ब्लोइंग रॉकला ते आजही पर्यटकांना फिरवतं. पण तू राहतेस डेन्व्हरला. कोलोरॅडोच्या डोंगरांत धावणारं टेन-व्हीलर करायचं मनात असेल, तर रिओ ग्रँड रेल्वेचं १६८ नंबरचं इंजिन बघ. बाल्डविनचंच, १८८३ चं. २०१९ मध्ये ते पुन्हा वाफेवर आलं. अँटोनिटो ते चामा या ६४ मैलांच्या लाइनवर, जिथे कुंब्रेस खिंड १०,०१५ फुटांवर आहे, तिथल्या माणसांनी ते उभं केलं.

मापाचा घोळ मात्र आधी समजून घे, कारण नव्या माणसाचे पैसे इथेच वाया जातात. बागेतले आपले रूळ ४५ मिलिमीटर अंतराचे. रूळ तेच, पण त्यांवर किती मापांची इंजिनं धावतात बघ. खरी लाइन तीन फुटी असेल, म्हणजे कोलोरॅडोतल्या त्या डोंगरी लाइनींसारखी, तर हिशेब १:२०.३ चा येतो. मीटर गेज धरलं तर १:२२.५. स्टँडर्ड गेज धरलं तर १:३२. आणि नेरळ-माथेरानसारखी दोन फुटी लाइन करायची म्हटली, तर जवळजवळ १:१३.५, म्हणजे इंजिन केवढं तरी मोठं! शिवाय बाजारात स्टँडर्ड गेजची भलीमोठी डिझेल इंजिनं १:२९ मध्येही मिळतात. ते माप रुळाच्या हिशेबात बसत नाही, पण दिसायला भारदस्त म्हणून लोकांनी स्वीकारलं. मला त्याचा राग नाही. फक्त १:२९ चा डबा तुझ्या इंजिनामागे जोडू नकोस, दोन्ही खोटी दिसतात.

तुझं इंजिन १:२२.५ चं आहे. आणि आता जे सांगते ते मला फार उशिरा कुणी तरी सांगितलं, तुला आजच सांगते. खऱ्या तीन फुटी लाइनींवर बॉयलर लहान-मोठे होते, चाकं लहान-मोठी होती. माणूस मात्र माणसाएवढाच होता. म्हणून इंजिनाचं माप डोळ्यांना कळतं ते माणसाच्या अंगाशी संबंध असलेल्या जागांवरून: केबिनचं दार, खिडकीची चौकट, पायरी, धरायचा दांडा, टेंडरची म्हणजे मागच्या इंधनाच्या डब्याची शिडी. केबिन उंच आणि रुंद केलीस, धुराडं नि दिवा जरा लहान घेतलास, तर हेच इंजिन १:२०.३ मधलं छोट्या बांध्याचं इंजिन होऊन जातं. चाकांना, मोटरला हात लावायची गरज नाही.

सहा फुटी माणूस १:२०.३ मध्ये ९० मिलिमीटर भरतो, १:२२.५ मध्ये ८१ आणि १:२९ मध्ये जेमतेम ६३. आधी आपल्या मापाचा एक ड्रायव्हर विकत आण. मग बिस्किटांच्या पुठ्ठ्याची केबिन काप, चिकटपट्टीने जोड आणि त्याला दारात उभा कर. डोकं छताला लागतंय का? खिडकीतून कोपर बाहेर टाकून बसता येतंय का? फायरमनला फावडं फिरवायला जागा आहे का? पुठ्ठ्यावर हे सगळं जमलं की मगच स्टायरीनच्या शीटला सुरी लाव. पुठ्ठा तीनदा फेकून दिला तरी काही जात नाही.

दुसऱ्याच्या इंजिनाचे तुकडे जोडून नवं करणं म्हणजे फसवणूक, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. खऱ्या रेल्वेवाल्यांनी हेच केलं. तुझ्याच डेन्व्हरमधल्या बर्नहॅम वर्कशॉपमध्ये रिओ ग्रँडने १९२८ ते १९३० च्या दरम्यान स्टँडर्ड गेजच्या जुन्या इंजिनांचे बॉयलर उचलून नव्या तीन फुटी सांगाड्यांवर बसवले आणि के-३७ वर्ग तयार केला. रिओ ग्रँड सदर्न या लाइनची तर कमालच. मंदीत वाफेची गाडी चालवणं परवडेना, टपाल तर पोचवायलाच हवं. म्हणून १९३१ पासून रिजवेच्या वर्कशॉपमध्ये ब्यूइक आणि पिअर्स-ॲरो मोटारींना रेल्वेची चाकं लावून त्यांनी गॅलपिंग गूज नावाच्या गाड्या बनवल्या. त्या माणसांसमोरही आपल्यासारखंच भंगार होतं आणि एक काम होतं. म्हणूनच त्या गाड्या इतक्या देखण्या वाटतात मला. एकही भाग उगाच नाही.

आता सालाकडे ये. इथे एक भाग दुसऱ्याला ओढून आणतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा येते ती इथेच.

तुझं फुग्यासारखं धुराडं लाकूड जाळणाऱ्या इंजिनाचं. लाकडाच्या ठिणग्या रानात पडून वणवा लागू नये म्हणून त्याच्या पोटात जाळी असे. ते ठेवायचं तर टेंडरमध्ये ओंडके रच. आणि तिथे कोळसाच हवा असेल, तर धुराडं बदल, सरळ किंवा हिऱ्याच्या आकाराचं लाव. दुकानातल्या सुरुवातीच्या संचांत फुगा धुराडं आणि मागे कोळशाचा ढीग अशी जोडी सर्रास दिसते. मुलांच्या खेळण्यात ते चालतं, पण तुझ्या इंजिनात मला ते बघवणार नाही.

दिव्याचंही तसंच. १८८० च्या सुमाराचं इंजिन असेल, तर मोठी चौकोनी पेटी आणि आत रॉकेलचा दिवा. विजेचा छोटा गोल दिवा लावलास, तर वीज कुठून येते तेही दाखवावं लागेल. मग बॉयलरवर वाफेवर फिरणारा छोटा डायनामो आला, त्याची वाफेची नळी आली, दिव्यापर्यंतची वायर आली. एअर ब्रेक दाखवायचा तर बॉयलरच्या कुशीला हवेचा पंप, बाजूच्या फळीखाली हवेची टाकी, दोन्ही टोकांना लोंबणारे होस. पंपावर बोट ठेव आणि नळी कुठे जाते ते बोटाने शोध. मधेच हवेत संपत असेल, तर काम अपुरं आहे.

कपलरवर मी जरा हळवी आहे, सांगूनच टाकते. जुन्या पद्धतीत डब्यांमध्ये लोखंडी कडी आणि खिळा असे. डबे जोडताना माणसाला मधे उभं राहून हाताने कडी धरावी लागे, आणि कित्येकांची बोटं, हात, जीवही गेले. जॅनी नावाच्या माणसाने बंद मुठीसारखा आपोआप जुळणारा कपलर १८७३ मध्ये पेटंट केला, तरी तो सगळीकडे लागायला १८९३ चा कायदा यावा लागला. म्हणून तुझं साल १८८५ असेल, तर कडी आणि खिळा लाव. १९१० असेल, तर मुठीचा कपलर. खेळण्याबरोबर येणारा तो मोठा आकडा मात्र पहिल्या दिवशी काढून टाक. मोठ्या मापात केडी कंपनीचे कपलर चांगले मिळतात, उंची मोजायचं त्यांचं साधनही घे. रूळ ते कपलरचा मध्य हे अंतर सगळ्या डब्यांचं सारखं नसेल, तर चढावर गाडी तुटणारच.

बॉयलरवर घुमट दोन असतात, त्यांची अदलाबदल करू नकोस. एकात वाळू, चाकं घसरायला लागली की नळीने थेट चाकापुढे रुळावर पडणारी. बॉयलरच्या उष्णतेने ती कोरडी राहते. दुसऱ्यात सगळ्यात वर जमणारी कोरडी वाफ. वाळूच्या घुमटातून नळ्या खाली उतरल्याच पाहिजेत. पितळेची बारीक तार वाकवून एका संध्याकाळी होणारं काम आहे, आणि तेवढ्यानेच इंजिनाचं खेळणंपण निम्मं जातं.

चिकटवण्याबद्दल फार सांगत नाही. स्टायरीनला स्टायरीन जोडायचं तर पातळ सॉल्व्हंट, ब्रशने सांध्यावर. धातू प्लॅस्टिकला जोडायचा तर भोक पाडून पिन घाल आणि मग सुपरग्लू. उन्हात नुसत्या गोंदाचा भरवसा नाही. घासताना आणि रंगवताना मास्क लाव, खिडकी उघड; यात आळस केलास तर मी रागावेन.

रंग निव्वळ काळा नको. उन्हात गडद काळ्या इंजिनावरचे खिळे, पट्ट्या काहीच दिसत नाहीत. थोडा करडा मिसळ. धुराड्याखालचा पुढचा भाग ग्राफाइटसारखा करडाच असतो. १८८३ चं इंजिन करणार असशील, तर बॉयलरवर निळसर करड्या, गुळगुळीत रशिया आयर्नचं आवरण दाखव. त्या काळात बाल्डविनची इंजिनं चांगली नटूनथटून बाहेर पडत. अक्षरांचे डेकल चकचकीत पृष्ठभागावरच बसव, नाहीतर कडेने चंदेरी झाक राहते. मग वरून मॅट वार्निश. मळकटपणालाही कारण हवं: सेफ्टी व्हॉल्व्हपाशी क्षारांचे पांढरे ओघळ, टेंडरच्या माथ्यावर कोळशाची भुकटी, काऊकॅचरवर वाटेची धूळ. सगळीकडे सारखी धूळ मारलीस, तर इंजिन माळ्यावरून काढल्यासारखं दिसेल.

आत काय आहे ते मात्र रंगाआधी बघ. जुन्या संचांत आसावरच्या प्लॅस्टिकच्या गिअरला चीर जाते. चाकं हाताने फिरवून टकटक येते का ऐक. येत असेल तर आधी गिअर बदल. मोटर अडखळणाऱ्या इंजिनावर महिनाभर नक्षी करून उपयोग नाही. विजेसाठी मी तुला रुळांच्या भानगडीत पाडणार नाही. बाहेर पितळी रूळ काळे पडतात, घासत बसावं लागतं. टेंडर रिकामाच आहे, त्यात १४.८ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर घाल. चार्जिंग नेहमी डोळ्यांसमोर, फरशीवर. आवाजाचं यंत्र घेतलंस तर चाकाच्या एका फेऱ्याला चार ‘छुक’ जुळवून घे. दोन सिलिंडरचं इंजिन तेवढेच देतं. तुला ते शे इंजिन आवडतं ना, लिमा कारखान्याचं, उजव्या अंगाला उभे सिलिंडर असलेलं? त्याला गिअर असल्यामुळे ते चालतं मुंगीच्या वेगाने आणि धापा टाकतं धावल्यासारख्या. पण ते पुढचं इंजिन. आधी हे पुरं कर.

आणि एकटी बसू नकोस गं. गोल्डनला कोलोरॅडो रेलरोड म्युझियम आहे, तुझ्या घरापासून लांब नाही. तिथे बागेतली मोठ्या मापाची रेल्वेही आहे, आणि ती सांभाळणारी मंडळी आहेत. बहुतेक आजोबा माणसं. एकटी बाई आली म्हणून पहिल्यांदा जरा बघतील. तू सरळ विचार, ‘हा वळणाचा व्यास किती?’ दहा मिनिटांत कुणी तरी आपल्या पेटीतला जुना पंप काढून तुझ्या हातावर ठेवेल. तुझ्याकडे चार फूट व्यासाची वळणं आहेत, त्यावर टेन-व्हीलर चालेल. त्यांच्याकडची मोठी मिकाडो इंजिनं नाही चालायची, हे तिथेच दिसेल तुला.

मोजपट्टी आणि वही घेऊन जा. ३४६ नंबरचं इंजिन तिथेच आहे, १८८१ चं, बाल्डविनचं. समोरून फोटो सगळेच काढतात. तू पायरीची उंची मोज, दांडा कुठल्या खिळ्यापाशी संपतो ते बघ, केबिनच्या छताची कड किती बाहेर येते ते टिपून घे. आणि टेंडरच्या मागच्या शिडीचा एक सरळ फोटो, पायऱ्यांशेजारी मोजपट्टी उभी धरून, मला पाठव. माझ्या टेंडरचं काम त्या एका मापापाशी थांबलंय.