स्नायू वाढतो तो भारामुळे

स्नायू वाढतो तेव्हा त्यातल्या तंतूंची संख्या सहसा वाढत नाही; आहेत तेच तंतू जाड होतात. प्रत्येक तंतू ही एक लांबट पेशी असते आणि तिच्यात ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे ओळीने रचलेले असतात. जड वस्तू उचलताना या धाग्यांवर येणारा ताण हीच वाढीची मुख्य सूचना. ती मिळताच पेशीतली एमटॉर ही यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिने बांधण्याचे काम वेग घेते. हा वेग पुढे एक-दोन दिवस टिकतो. म्हणून तोच स्नायू रोज झिजवण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा राबवणे पुरते. दुसऱ्या दिवशी अंग दुखले म्हणजे व्यायाम लागू पडला, ही समजूत मात्र चुकीची आहे. दुखणे येते ते बहुधा नव्या हालचालीमुळे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंडाचा घेर फारसा बदलत नाही. स्नायूला हुकूम देणाऱ्या नसा तेवढ्यात सरावलेल्या असतात. डोळ्यांना दिसेल असा फरक पडायला दोन-तीन महिने जातात, आणि नेमक्या त्याच काळात अनेक जण जिम सोडतात.

भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याला वैद्यकात मान मिळवून दिला तो थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघा दुखावलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. हलके वजन पुष्कळ वेळा उचलण्याची तेव्हाची रीत सोडून डीलॉर्म यांनी त्यांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावले आणि ते जमले की वाढवले. १९४५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. तालमीतल्या जोर-बैठकांची मर्यादाही इथेच कळते. दीडशे बैठका सहज निघू लागल्या की पुढच्या पन्नास बैठकांनी दम वाढतो, मांडी फारशी नाही. पाठीवर जोडीदार घेऊन वीस बैठका मारणाऱ्याचे गणित अधिक बरोबर असते. वजन प्रचंडच हवे असेही नाही. हलक्या वजनानेही स्नायू जवळपास तितकाच वाढतो, फक्त आणखी एक-दोन वेळाच उचलता येईल इतका थकवा यायला हवा.

भारताच्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. त्यापुढे जास्तीचे फारसे कामी येत नाही. साठ किलोच्या माणसासाठी हे ९६ ग्रॅम होतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, हे पाहता भात-आमटीच्या ताटात उसळ, दही, पनीर किंवा मासळीची भर घालावीच लागते. बदामाच्या खुराकाचा दबदबा मोठा, पण बदामात प्रथिनांच्या दुपटीहून अधिक चरबी असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ओळखीच्या माणसाने दिलेले ‘ताकदीचे’ इंजेक्शन तर कोणीच घेऊ नये. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. ते हृदयाला इजा करते आणि शुक्राणूंची निर्मिती घटवते.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर घट वेग घेते. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणे ही तिचीच खूण. तरी उशीर झाला असे म्हणता येत नाही. बॉस्टनमधल्या १९९० च्या एका प्रयोगात सरासरी नव्वद वर्षांच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलले. त्यांची ताकद सुमारे पावणेतीन पट झाली आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. ज्येष्ठांनी सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्याने करावी. ते सोपे झाले की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्यावी. उठताना श्वास सोडावा; तो रोखून धरला तर रक्तदाब क्षणभर बराच चढतो.