सिंधूचं पाणी आणि तुझं भाषण

हिवरे बाजार, ता. नगर

चि. सोहम यास,


वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण मिळालं. 'आपण सिंधूचं पाणी तोडलं, आता शत्रू तहानेने तडफडेल' हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस. त्यामागचा राग मला कळतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. हे ऐकून राग आला नसता तर मलाच काळजी वाटली असती. पण हिवऱ्याच्या पोराने पाण्यावर बोलायचं म्हणजे हिशोबाने बोलायला हवं.

दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू पाणी करार स्थगित केला. म्हणजे कागद थांबवला, नदी नाही. झेलम, चिनाब आणि सिंधू यांचं पाणी अडवायला मोठी धरणं लागतात, आणि ती आपल्या हद्दीत नाहीत. चिनाबवरचे बगलिहार आणि सलाल हे वाहत्या पाण्यावर वीज करणारे प्रकल्प. त्यांच्या पोटात पाणी मावतं ते थोडंच. मे महिन्यात त्यांचे दरवाजे बंद-उघड केले तेव्हा खाली पाकिस्तानातल्या मराला इथे काही दिवस प्रवाह कमी-जास्त झाला, तेवढंच. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा लोंढा अडवायचा तर वर्षानुवर्षं बांधकाम करावं लागेल. तेव्हा 'तडफडेल' हा शब्द आधी खोड.

या भांडणाचं मूळ किती जुनं आहे तेही बघ. फाळणीत रेषा ओढली ती कालव्यांच्या मधून. कालव्याची तोंडं आपल्याकडे राहिली आणि शेतं तिकडे गेली. १ एप्रिल १९४८ ला भारतातल्या पंजाबने तिकडे जाणारं पाणी बंद केलं. पिकं उभी होती. महिनाभरात, ४ मेला, दिल्लीत समझोता होऊन पाणी सुरू झालं, पण तिकडच्या शेतकऱ्याच्या मनात जी धास्ती बसली ती आजतागायत आहे. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी ती पुढे भरपूर वापरली, हेही तितकंच खरं.

मग जागतिक बँक मध्ये पडली, वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या, आणि १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज आपल्याला. सिंधू, झेलम, चिनाब बहुतांश त्यांना. तिकडे नवे कालवे काढायला भारताने ६ कोटी २० लाख पौंडांहून जास्त रक्कम दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. १९६५ चं युद्ध या हप्त्यांच्या ऐन मध्यात आलं!

नगरच्या रणगाडा संग्रहालयात पकडून आणलेला पॅटन आहे ना, ज्याच्यापुढे तू फोटो काढलास? त्याच जातीचे पाकिस्तानी रणगाडे त्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आले, तेव्हा आपल्या फौजेने उसाच्या शेतांत पाणी सोडलं. रणगाडे चिखलात रुतले आणि तिथेच गारद झाले. शेतात पाणी सोडून रणगाडे अडवले, पण कराराची नदी कुणी अडवली नाही. १९७१ ला नाही, कारगिलच्या वेळी १९९९ लाही नाही. २०२५ ला तो धागा पहिल्यांदा सुटला. युद्धात काय बदललं, हे तुझ्या श्रोत्यांना विमानांच्या नावांपेक्षा यावरून जास्त कळेल.

करार जसाच्या तसा राहावा असं मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढली, हिमनद्या आटतायत, किशनगंगा आणि रातले या वीज प्रकल्पांच्या वादात वर्षं वाया गेली. भारताने जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फेरविचारासाठी नोटिसा दिल्या होत्या. त्या मागणीत दम आहे. पण फेरविचार वेगळा आणि तहानेने मारणं वेगळं. पाणी खरंच तुटलं तर बैसरनला बंदूक चालवणाऱ्याच्या आधी कालव्याच्या शेवटी पाच-सात एकर कसणारा मरेल.

पाण्याच्या भांडणाची चव आपल्या जिल्ह्याला आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा वरच्यांनी विरोध केला, खालच्यांनी आंदोलन केलं, मामला न्यायालयात गेला. तेही एकाच राज्यात, एकच भाषा बोलणाऱ्यांत. मग दोन देशांत वर बंदुकाही असल्यावर काय होत असेल, याचा अंदाज कर.

आता तुझा मोबाइल. पहलगामनंतर ७ मे २०२५ च्या पहाटे भारताने सीमेपलीकडे नऊ ठिकाणी हल्ले केले, १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबला. या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी शाळकरी मुलंही गेली. पण टीव्हीवर काय चाललं होतं? कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं अनेक वाहिन्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि सकाळी बंदर जागेवर होतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. तू मला पाठवलेल्यांत एक तसलंच होतं. पुढे ढकलण्याआधी विचार: हे कुणी, कुठून काढलं? उत्तर मिळालं नाही तर तिथेच थांब.

आणखी एक गोष्ट भाषणात घाल. ऑगस्ट २०२५ मध्ये तवी नदीला मोठा पूर येणार असं दिसलं, तेव्हा भारताने इस्लामाबादेतल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला इशारा दिला. करार स्थगित, बोलणी बंद, तरी इशारा गेला. परीक्षकांना हे आवडेल की नाही, सांगता येत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात तो ऐकायला बस. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, माणसांना आणि जनावरांना ठेवून रब्बीला काय उरतं, गहू किती कमी करायचा, यावर कशी खडाजंगी होते ते बघ. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, हे नियमसुद्धा कुणाला गोड लागले नव्हते. येताना चिनाबचा नकाशा आण, ती जिथे सुरू होते त्या तांदीपासून मरालापर्यंत पेन्सिलीने गिरवलेला. धरण कुठे घालता येईल ते खुणेने दाखव, मग भाषणाचा दुसरा खर्डा बघते.

तुझी,
आत्या