आधी आवाज, मग रंग

कोल्हापुरात जुनी इलेक्ट्रिक गिटार सापडते ती माळ्यावर, नाहीतर कपाटामागं भिंतीला टेकून उभी. कधीकाळी ती कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात होती, गणपतीच्या मांडवात, जत्रेत, वरातीत वाजली होती. परदेशी वाद्यं तेव्हा परवडणारी नव्हती, त्यामुळं वाजवणाऱ्याच्या हातात बहुतेकदा कोलकात्याची गिटार असे आणि फेंडर-गिब्सन रेकॉर्डच्या कव्हरवर बघायची असे. असल्या गिटारी मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. दुकान नाही, घरामागं पत्र्याची शेड आहे. या कामातलं निम्मं ज्ञान वाद्यांच्या दुकानात मिळत नाही. मोटार वाइंडिंगवाले, गाड्यांचे पेंटर, तंबोरे बनवणारे यांच्याकडं ते मागावं लागतं. मात्र प्रत्येकाकडून काय घ्यायचं आणि काय तिथंच ठेवून यायचं, हे आपलं आपल्याला कळायला हवं.

१. रंगाआधी भोकात बघावं

गिटार आली की माणूस उडालेल्या टवक्यांकडं बघतो. मी आधी केबल घालायचा जॅक सोडवतो आणि त्या भोकात टॉर्च मारतो. कडेला थरावर थर दिसले की प्लायवूड. त्या काळच्या स्वस्त गिटारींत प्लाय सर्रास असे आणि त्यात कमीपणा काही नाही. तारांचा कंप टिपणारी पिकअप चांगली असेल तर प्लायची गिटारसुद्धा मांडव हलवते. फक्त प्लायला मशीननं घासू नये. वरचा पातळ थर बघता बघता उडतो आणि खालचे आडवे रेषे उघडे पडतात. तिथं लाकडाचे रेषे दाखवायची हौस सोडून गडद रंग मारलेला बरा.

त्याच पोकळीत आवाजाचे पॉट असतात. अमेरिकन गिटार असेल तर पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले सापडतात. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढं ६६१२ असेल तर १९६६ सालचा बारावा आठवडा. पॉट मूळचे असतील तर गिटार त्याआधीची नाही, एवढं नक्की. देशी गिटारीला असली जन्मपत्रिका नसते. मालकाची आठवण हाच पुरावा, आणि ती दरवर्षी गिटारीचं वय जरा वाढवून सांगते.

२. वाइंडिंग उद्यमनगरात, तारेचा नंबर आपला

पिकअप मुकी झाली म्हणजे बहुतेक वेळा कॉइल तुटलेली असते. मल्टिमीटरवर चांगली सिंगल कॉइल साधारण पाच ते आठ किलोओहम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. आधी बाहेरचे वेढे तपासावेत. तार पुष्कळदा तिथंच, डाग दिलेल्या जागेजवळ हिरवी पडून तुटते. दोन-चार वेढे उलगडून पुन्हा डाग दिला की काम भागतं. आतून तुटली असेल तर मात्र सगळी नव्यानं भरायची, आणि मोटारी-पंप भरणारे शिवाजी उद्यमनगरात हवे तेवढे आहेत.

घोळ होतो तो नंबरात. परदेशी पुस्तकांत ४२ नंबरची तार सांगतात. तो अमेरिकन गेज. आपल्याकडं तार मागतात आणि देतात ती ब्रिटिश गेजनं, एसडब्ल्यूजीनं. त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाड भरते. गिटारीला हवी ०.०६३च्या आसपास, म्हणजे एसडब्ल्यूजीची ४६. जाड तार आणली तर बॉबिन भरून जाते आणि निम्मेसुद्धा वेढे बसत नाहीत. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपला तर आठ हजारांच्या घरात वेढे लागतात.

माझे वाइंडिंगवाले मामा पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी भरतात. बॉबिन पहिल्यांदा बघितली तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ह्ये काय रं, घड्याळाची मोटार हाय काय?" मग तारेचं टोक चिमटीत धरलं आणि ओरडले, "आधी त्यो फॅन बंद कर!" वाऱ्यानं तार हलत होती. एरवी ते तार अशी ओढतात की दंडाच्या शिरा दिसाव्यात. इथं बनियनच्या चिंधीची घडी दोन बोटांत धरली आणि तिच्यातून तार नुसती सरकू दिली, डोळा काउंटरवर. चार दशकांचा हात असा मिनिटभरात हलका होताना बघायला मिळणं, हेच मला या छंदाचं मोठं सुख वाटतं.

३. वार्निश नको म्हणून आधीच सांगावं

मोटारीची कॉइल भरली की वार्निशमध्ये बुडवायची, ही वाइंडिंगवाल्यांची रीत. मोटारीला ती योग्यच आहे. पिकअपलाही सैल वेढे दाबून धरणारं काहीतरी हवं, नाहीतर आवाज वाढवला की शिट्टी वाजते. पण वार्निश कडक झालं की ती कॉइल पुन्हा कधी उलगडता येत नाही. म्हणून मेण: पॅराफिन, त्यात थोडं मधमाश्यांचं. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवायचं आणि ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, प्लास्टिकची बॉबिन वाकते. त्यात पिकअप बुडवायची आणि बुडबुडे थांबले की बाहेर काढायची. थेट गॅसवर मेण कधीच ठेवू नये, पेट घेतं.

४. मिरजेहून हाड आणावं, जवारी नको

मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तो नट. जुन्या गिटारींत तो प्लास्टिकचा असतो आणि तारांनी कापून कापून त्याच्या खाचा खोल गेलेल्या असतात. हाडाचा नट बसवला की मोकळ्या तारेचा आवाज उजळतो. त्यासाठी ५० किलोमीटरवर मिरज आहे. दीडशेहून जास्त वर्षं तिथं सतारी-तंबोरे बनतात. ते बनवणारे कारागीर मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार; फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. धंदा बदलूनही हात कसा टिकतो याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात मला माहीत नाही.

पण खाचा त्यांच्याकडून पाडून घेऊ नयेत. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते असा घासतात की तार त्यावर किंचित लोळत राहावी. त्यातूनच जवारी, म्हणजे तो झणझणता नाद, बोलते. गिटारीचा हिशेब उलटा. तार नटाच्या पुढच्या कडेवरून एका बिंदूत सुटली पाहिजे आणि खाच मागं, खुंट्यांकडं उतरती हवी. खाच सपाट राहिली की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी १९६७ साली कोरल इलेक्ट्रिक सितार काढली तेव्हा सपाट ब्रिज लावून तो झणझणाट मुद्दाम आणला होता. आपल्याला तो नको असेल तर हाडाचा तुकडा आणावा, चहा घ्यावा आणि खाचा घरी बारीक कानशीनं पाडाव्यात.

५. अर्थिंगची चेष्टा नाही

गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती त्यामुळंच. पण अँप्लिफायरला दोन पिनांचा प्लग असेल आणि आत करंट पत्र्याला लागला असेल, तर तारांवर तोच करंट येतो. वाजवणाऱ्याचा ओठ माइकला लागला की काम संपलं. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीत भर कार्यक्रमात गेला तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. आपल्या मांडवात जनरेटरचं अर्थिंग म्हणजे कधी कधी ओल्या मातीत खुपसलेली सळई असते. गिटार परत देताना मी तीन पिनांचा प्लग आणि करंट गळताच वीज तोडणाऱ्या ईएलसीबीची अट घालतो. काही जण हसतात. हसू द्यावं.

६. रंग शेवटी, आणि पावसाळ्यात तर नाहीच

मूळ रंग टिकला असेल तर त्याला हात लावू नये. ओल्या फडक्यानं मळ काढावा, गाडीचं रबिंग कंपाउंड हलक्या हातानं फिरवावं, बास. जुन्या फेंडरला नवा रंग दिला की किंमत निम्म्यावर येते, असा जगभरच्या बाजाराचा हिशेब आहे. कोलकात्याच्या गिटारीला असला बाजार नाही, तिथं मन मोकळं करता येतं.

त्यासाठी गाड्यांच्या पेंटरकडं जायला लाजू नये. खुद्द फेंडरचे रंग ड्यूपाँटच्या गाड्यांच्या रंगांतून आलेत. फिएस्टा रेड हा फोर्डच्या गाडीचा लाल. पेंटरची एकच सवय मोडावी लागते, लांबी भरायची. पत्र्याला लांबी चालते, लाकूड मात्र हवेबरोबर फुगतं-आकसतं आणि जाड लांबी तडकते. आणि मान बसते त्या खाचेला आधी टेप लावावा. तिथं रंगाचे चार थर चढले की मान बसत नाही, मग कानस घेऊन भांडत बसायचं.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायचं तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. जुलैत मारलं की थर पांढुरका पडतो. थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी लॅकरमध्ये अडकतं. मे महिन्यात हवा कोरडी, पण वळवाची धूळ. पातळ थर द्यावेत, मग काही आठवडे गिटार टांगून ठेवावी. नाक जवळ नेलं तर थिनरचा वास यायचा बंद झाला पाहिजे. त्यानंतरच पाण्याचा पेपर, १००० नंबरपासून २०००पर्यंत. घाईचा माणूस पीयू (पॉलियुरेथेन) मारतो. मारावा, पण त्याच्या हार्डनरला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा.

७. फिंगरबोर्डला खोबरेल लावू नये. खवट होतं आणि मळ धरतं.

८. आटे जपावेत

जुन्या गिटारीचा एक स्क्रू हरवला तर बाजारात तोच आटा मिळेल याची खात्री नाही. कुठं मेट्रिक, कुठं इंची, कुठं बीए. पुठ्ठ्यावर गिटारीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खुपसावा. तरीही हरवला तर लेथवर करून घ्यावा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं एका स्क्रूसाठी गिटार अडू नये. ब्रिजला पुन्हा प्लेटिंग करताना आट्यांत मेण भरून द्यावं, नाहीतर निकेलचा थर आट्यांत बसतो आणि स्क्रू फिरत नाही.

९. आत चिठ्ठी ठेवावी

काय बदललं, कधी बदललं ते कागदावर लिहून मागच्या झाकणाच्या आत चिकटवावं: तार ४६ एसडब्ल्यूजी, मेण, पॉट २५० के, नट हाडाचा. शिसपेन्सिलीनं लिहावं, दमट हवेत शाईपेनची शाई पसरते. परवा एक गिटार उघडली तर आत आधीच कुणाचीतरी चिठ्ठी होती. तारीख, एक सही आणि "वार्निश केले आहे."