ब्रँच मेकॅनिकल, जॉब बॅकएंडचा!

प्लेसमेंटची नोटीस लागली की आपण आधी शेवटची ओळ वाचतो: 'फक्त कॉम्प्युटर आणि आयटी.' मी मेकॅनिकलची, फायनल इयरला. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय, आणि हप्ते काही ब्रँच विचारून येत नाहीत. म्हणून दीड वर्ष हॉस्टेलवर स्वतःच बॅकएंड शिकले. मागच्या सुट्टीत पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली आणि डिग्रीनंतर तिथेच रुजू व्हायचं पत्र मिळालं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहिताना थोडी कसरत होते. पण मुद्दे कामाचे आहेत.

आपली खरी अडचण काय? वेबसाइटचं रूप लगेच दाखवता येतं, पण सर्व्हर आणि डेटाबेस कोणाला दिसत नाहीत. शिवाय आपल्याकडे त्या विषयाची डिग्री नाही. मग समोरच्याने विश्वास कशावर ठेवायचा? त्याला तपासता येईल अशा कामावर!

१) काय शिकायचं? पायथॉन किंवा जावा यांपैकी एकच भाषा, एसक्यूएल, एचटीटीपी, गिट आणि लिनक्सच्या रोजच्या कमांड्स. फ्रेमवर्क बदलत राहतात, पाया टिकतो. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, ती आजही इंटरव्ह्यूत विचारतात.

२) प्रोजेक्ट एकच, पण पूर्ण. मी मेसच्या रविवारच्या फीस्टची कूपनं देणारा सर्व्हर लिहिला. सोपं वाटतं ना? आता बघा. एकच कूपन उरलंय आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. प्रोग्रॅम आधी शिल्लक वाचत असेल आणि नंतर वजा करत असेल, तर दोघांनाही '१' दिसतो. दोघांना कूपन मिळतं, आणि काउंटरवर भांडण!

उपाय असा: 'शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एक कमी कर' हे एकाच अपडेट कमांडमध्ये लिहायचं. पोस्टग्रेस डेटाबेस ती ओळ लॉक करतो, दुसऱ्याला थांबवतो, आणि पहिल्याचं काम झाल्यावर अट पुन्हा तपासतो. एकही ओळ बदलली नाही, म्हणजे कूपन संपलं. शिल्लक कमी करणं आणि कूपनची नोंद करणं एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये ठेवायचं. मध्येच लाइट गेली तर दोन्ही होतील किंवा एकही नाही. एकाच मुलाने दोनदा बटण दाबलं तर? रोल नंबर आणि तारीख मिळून युनिक की लावायची. पासवर्ड जसाच्या तसा कधीच साठवायचा नाही, बीक्रिप्टने हॅश करायचा.

इंटरव्ह्यूत अर्धा तास याच कूपनवर गेला. हल्ली एआय कोड लिहून देतो, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून 'काय लिहिलं' यापेक्षा 'असंच का लिहिलं' हे विचारतात. स्वतःच्या प्रोजेक्टची प्रत्येक ओळ समजावता आली पाहिजे.

३) बायोडेटा एका पानाचा. वर चालू प्रोजेक्टचा पत्ता, खाली तो कसा चालवायचा याच्या चार ओळी. दहा भाषांची यादी नको. जे लिहाल तेच विचारतील.

४) शोधायचं कुठे? मोठ्या कंपन्यांच्या चाळणीत टक्के आणि ब्रँच आधी बघतात, म्हणून छोट्या कंपन्यांना थेट लिहा. पास झालेल्या सीनियर्सना विचारा, पण 'जॉब आहे का?' असं नाही; 'माझा कोड दहा मिनिटं बघाल का?' असं. केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजनाही आहे. तिचा कायदा १९६१चा, आणि १९७३च्या दुरुस्तीने इंजिनिअर त्यात आले. स्टायपेंड मिळतो आणि शेवटी प्रमाणपत्रही. २००५ पासून चालणारा गुगल समर ऑफ कोड हा दुसरा मार्ग.

आणि एक सावधगिरी: नोकरीआधी 'डिपॉझिट' मागणारा कोणीही असो, त्याला लांबूनच नमस्कार. बॉन्डवर सही करण्यापूर्वी तो घरच्यांना वाचायला द्या.

उत्तरं येत नाहीत तेव्हा मन खट्टू होतं, मलाही अनेक ठिकाणांहून काहीच उत्तर आलं नाही. पण त्या काळात प्रोजेक्ट सुधारत राहिला आणि शेवटी तोच उपयोगी पडला. तर लागा कामाला, अडलं तर मेसमध्ये भेटाच. ऑल द बेस्ट!