पाणी फेकणारी गाडी

आमच्याकडे टाटाची एक जुनी १६१३ ट्रक आहे. हंगामात तुमसर-मोहाडीकडचं धान राईस मिलला पोचवायचं, एरवी मिळेल ते भाडं. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५च्या घरात गेला की गाडीही हीट व्हायला लागते. तिच्या संगतीत जे कळत गेलं, ते हे.

१. काटा खोटं बोलतो, तेही नेमकं आपल्याला गरज असते तेव्हा. चढावर काटा वर जायला लागला की माझा जीव वर जातो आणि तो खाली उतरला की मी शीळ घालतो. मग कळलं की टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच त्याचं खरं. पाणी कमी होऊन तो उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा निवांत खाली येऊ शकतो. तेव्हापासून काटा अचानक उतरला, की जास्त भीती वाटते.

२. गरमी वेगळी, प्रेशर वेगळं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणानं अर्धा बार जादा दाब धरला, तर तेच पाणी ११०च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कुकरची उपमा सगळेच देतात; पण कुकरची शिट्टी झाली की घरात आनंद होतो, रेडिएटरचं झाकण फुसफुसलं की भाडं बुडतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग थकली, की इंजिनात काही दोष नसताना गाडी पाणी फेकते. आपण मात्र वॉटर पंपापासून रेडिएटरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतो. एवढ्याशा झाकणावर संशय घेणं कमीपणाचं वाटत असावं! त्याच झाकणात आणखी एक बारीक व्हॉल्व्ह असतो. गाडी थंड झाली की तो बाजूच्या ओव्हरफ्लो बाटलीतलं पाणी परत आत येऊ देतो. तो अडकला तर सकाळी होज पाईप चपटा होऊन बसलेला दिसतो.

३. प्रेशर किती आहे, यापेक्षा ते कधी आलं हे महत्त्वाचं. हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करायला लावली आणि माझा हात धरून वरच्या होजवर ठेवला. पाईप अजून गार होता, कोमटसुद्धा नाही. पण बोटांखाली फुगून कडक होत चालला होता. ‘भाऊ, पाणी तापलंच नाही, अन् पाईप फुगला. मग हे प्रेशर आलं कुठून, सांगा बरं?’ मी गप्प. सिलिंडरमधला गॅस हेड गॅस्केटमधून पाण्यात शिरत होता. थंड गाडी झाकण काढून सुरू केली तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. अडकलेली हवा असेल तर ते थोड्या वेळात थांबतात, गॅस असेल तर थांबतच नाहीत. ऑईल दुधाळ झालं किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला की मग मिस्त्रीची गरज निदानासाठी नाही, खर्चासाठी उरते. दाब मोजायचा हातपंप काही गॅरेजमध्ये असतो. झाकणाच्या जागी तो लावून दाब भरायचा आणि काटा टिकतो का ते बघायचं. दाब कुठून तरी पळत असेल तर गाडी सुरू न करता कळतं.

४. रेडिएटर बाहेरूनही तुंबतो. राईस मिलच्या आवारात कोंडा उडत असतो आणि गाडीचा पंखा तो ओढून घेतो. पुढून जाळी स्वच्छ दिसते, पण बॅटरी मारून फिन्सच्या फटींत पाहिलं तर कोंडा, धूळ आणि तेल यांचा काळपट थर. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूनं बाहेर आणि हलक्या जोरानं, नाहीतर फिन्स वाकतात. आतून फ्लशिंग करून घेण्यात पैसे घालणारे बरेच. बॅटरी घेऊन वाकणारे थोडे.

५. सल्ला फुकट मिळतो, कारण तो देणाऱ्याला गाडी चालवायची नसते. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२पासून आहे, त्यामुळे आमच्याकडे चहाच्या टपरीवर कोणीही गाड्यांबद्दल अधिकारानं बोलतं; त्याचा कारखान्याशी संबंध असेलच असं नाही. उन्हाळा लागला की पहिला सल्ला ठरलेला: ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ पण काही इंजिनांत तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. शिवाय थंडीत इंजिन नीट तापतच नाही, धूर सोडत राहतं.

६. तलावांच्या जिल्ह्यात राहूनही गाडीला हापशाचं पाणीच मिळतं. जड पाण्याचे क्षार आत थर धरतात. कूलंट म्हणजे बर्फाच्या मुलखातली चैन असं मलाही वाटायचं. पण त्यानं गंज रोखला जातो आणि उकळबिंदूही वाढतो.

काटा लालवर गेला तर गाडी बाजूला घ्या आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. उशीर झाला म्हणून मालकानं चार शिव्या दिल्या तर ऐकून घ्या, पण गरम रेडिएटरचं झाकण कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नका.