तुझं फक्त नाव लावलंय

आपल्या घरातले कागद कुणा एकाचे नसतात, सगळ्यांचे असतात. लोखंडी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, पोरांचे दाखले, पासबुकं, दोन-तीन जुनी लाइट बिलं. ज्याला जे लागतं ते तो काढतो आणि कोपऱ्यावरून झेरॉक्स मारून आणतो. आधारचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले असतात, कारण कधीतरी कुणालातरी ते घाईत हवे होते. एटीएमचा पिन म्हणजे गाडीचा नंबर नाहीतर धाकटीची जन्मतारीख, सगळ्यांना पाठ.

ओटीपीचं तर विचारूच नका. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारचा ओटीपी लागायचाच, शिवाय नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही. या खोलीतून त्या खोलीत आकडे ओरडून सांगायची आपल्याला सवयच झाली. त्यात आपलं सोलापूर म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांचं गाव. वर्षानुवर्षं पान-तंबाखू हाताळून बोटांच्या रेषा झिजतात, मशीनवर अंगठा लागत नाही. मग काम ओटीपीवर जातं आणि ओटीपी येतो लेकाच्या, दिराच्या, नाहीतर जावयाच्या मोबाईलवर.

यात कुणाच्या मनात वाईट नसतं. रांगेत उभं राहायला रजा मिळत नाही, यंत्रमागावरची पाळी चुकवून भागत नाही, आणि फॉर्मची शेवटची तारीख नेमकी उद्या असते. जो मोकळा असेल तो सगळ्यांचं काम करतो. घर असंच चालतं, आणि एरवी ते चांगलंच चालतं.

पण याच घरात आपली मुलं मोठी होत असतात. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्यांच्या नावाला बाजारात तशी किंमत नसते. अज्ञान मुलाशी केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं एका गहाणखताच्या खटल्यात तो निकाल देऊन ठेवलाय. अठरा पूर्ण झाली की मात्र त्या पोराच्या नावावर एका दिवसात कर्ज निघू शकतं. आपल्याला त्याचा वाढदिवस आठवतो, केक आठवतो, हे आठवत नाही.

समजा, अक्कलकोट रोडच्या बाजूचं एक घर आहे. मुलगी बारावी झाली, पुण्याला शिकायला जायचं म्हणून बाबा तिला घेऊन शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, "हिच्या नावावर आधीच एक कर्ज आहे, तीन हप्ते थकलेत." मुलगी बाबांकडे बघते, बाबा मुलीकडे. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत उलगडा होतो. काकाचा टॉवेलचा छोटा कारखाना. दोन महिने माल उठला नव्हता, सूतवाल्याचा तगादा होता, आणि त्याचं स्वतःचं सिबिल आधीच खराब झालेलं, म्हणून त्यानं पुतणीच्या नावावर मोबाईलवरून कर्ज काढलं.

हे जमलं कसं, ते नीट बघू या, कारण यात बाहेरचा कुणी हॅकर नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच खात्यात जमा व्हावी लागते. मुलीचं खातं होतंच, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. त्याचं एटीएम कार्ड काकाच्या पाकिटात, कारण शिष्यवृत्ती आली का ते तोच बघून यायचा. तिच्या आधारला मोबाईल नंबर काकाचा, कारण ती सहावीत असताना तोच तिला आधार केंद्रावर घेऊन गेला होता. पॅन कार्डचा फोटो घरच्या ग्रुपवर. एकेक गोष्ट मायेनं केलेली होती.

आणि काका म्हणतो, "तुझं फक्त नाव लावलंय गं. हप्ते मीच भरणार की."

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, कित्येकांनी उच्चारलंय. बचत गटाचं कर्ज सुनेच्या नावावर आणि पैसे दिराच्या धंद्यात. सिम मेहुण्याच्या नावावर, गाडी आत्याच्या नावावर. विचारून केलं तर ती मदत असते, आपल्या माणसांनी एकमेकांसाठी करायची. पण विचारणं हळूहळू कमी होत जातं. आधी विचारतो, मग सांगतो, मग नंतर सांगतो, आणि एक दिवस सांगायचंच राहून जातं. मला वाटतं चोरी त्या शेवटच्या पायरीवर सुरू होत नाही, ती विचारणं थांबतं तिथं सुरू होते. म्हणून आपल्याला ती दिसतच नाही.

आता त्या मुलीकडे बघा. तिला राग यायला हवा, पण पहिल्यांदा येते ती लाज. बँकेत चार माणसांसमोर आपलं नाव थकबाकीदार म्हणून वाचलं गेलं. मग येतो अपराधीपणा, जणू तिनंच काही केलंय. काकानं तिला खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवलेली असते. त्याच्यावर रागावायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. ती गप्प होते, ताटावरून अर्धवट उठते, आणि आपण म्हणतो, "अ‍ॅडमिशनचं टेन्शन आहे तिला."

आणि आपण मोठी माणसं काय करतो? आपल्यालाही भीती वाटते. भाऊ तुटेल, आई आजारी पडेल, भावकीत बोभाटा होईल, धाकटीचं लग्न ठरायचंय. मग आपण लेकरालाच समजावतो. "घरातली गोष्ट घरात राहू दे." "काका आहे तो तुझा." बोलताना आपल्याला वाटतं आपण घर सावरतोय. तिला मात्र ऐकू येतं की घर आणि आपलं नाव यांतलं एक निवडायचं झालं तर हे लोक आपलं नाव सोडून देतील. कर्ज चार वर्षांत फिटेल, हे ऐकलेलं फिटत नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ॲक्स्टन बेट्झ-हॅमिल्टन या बाईंची हकिकत मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या घरचं टपाल गायब होऊ लागलं, आईवडिलांच्या नावावर कुणीतरी उधाऱ्या करू लागलं. घरानं सगळ्यांवर संशय घेतला. नातेवाईक तुटले, खिडक्यांचे पडदे ओढले गेले. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या गावी विजेचं कनेक्शन मागायला गेल्यावर त्यांना कळलं की चोरानं आपलंही नाव सोडलेलं नाही. त्यांचा क्रेडिट स्कोअर 380 होता. त्यांनी पुढं मुलांच्या नावांच्या चोरीवरच अभ्यास केला. 2013 मध्ये आई वारली आणि तिच्या मागं राहिलेल्या कागदांत वडिलांना लेकीच्या नावाचं जुनं कार्ड-बिल सापडलं. चोर ती आईच होती. इतकी वर्षं लेकीला धीर देणारीही तीच. 2019 मध्ये बाईंनी यावर पुस्तक लिहिलं.

आपल्याकडचं इतकं टोकाचं नसतं, बहुतेक वेळा गरज असते आणि हप्ते भरायचा खरा इरादाही असतो. पण एक गोष्ट इथं आणि तिथं सारखी आहे. आपलं नाव वापरलं गेलंय हे आपण स्वतःसाठी काही मागायला जातो तेव्हाच कळतं. 2024 मध्ये सातारा जिल्ह्यात एका जोडप्यानं दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक वापरून लाडकी बहीणचे अर्ज भरल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. तेही उघड झालं ते खारघरच्या एका बाईंचा स्वतःचा अर्ज भरला जाईना तेव्हा.

म्हणून वाट बघण्यापेक्षा आधी बघून ठेवलेलं बरं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्यांकडे आपल्या कर्जांची नोंद असते. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, 2017 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. पोरगं अठराचं झालं की एका रविवारी दोघांनी मिळून तो काढा. संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. आणि आधारला त्याचा स्वतःचा नंबर जोडायला केंद्रावर जाऊन या. ही एक चक्कर बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची, कारण ओटीपी ज्याच्या हातात, नाव त्याच्या हातात. झेरॉक्स देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्यावं. बोटांचे ठसेही कुलूपबंद करून ठेवता येतात, गेल्या सहा महिन्यांत आधार कुठं वापरलं गेलं तेही बघता येतं.

आणि घडून गेलेलं असेल तर? घाईनं पहिला हप्ता आपण भरून टाकू नये, असं मला वाटतं. आपल्या मनात पहिल्यांदा तेच येतं, "भरून टाकू, विषय संपवू." पण भरलं की कर्ज मान्य केल्यासारखं दिसतं, आणि थकलेल्या हप्त्यांची नोंद पुसली जात नाही ती नाहीच. आधी कर्ज देणाऱ्याला आणि रिपोर्टच्या कंपनीला लेखी कळवा की हे कर्ज मुलीनं घेतलेलं नाही. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे, म्हणून पोच जपून ठेवा.

पोलिसांचं नाव काढलं की घरात रडारड होते, ती भीती मी समजू शकते. काकाला बेड्या पडताना कुणालाच बघायचं नसतं. पण नेमकं काय आहे ते माहीत असावं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीनं वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम जामीनपात्र आहे. फसवणुकीची आणि खोट्या कागदांची वेगळी कलमं मात्र सोबत लागू शकतात. आणखी एक, बाईवर किंवा अठराच्या आतल्या मुलावर हा गुन्हा झाला असेल तर कोर्ट त्यात तडजोड मान्य करत नाही. म्हणजे "तक्रार देऊ, मग मागं घेऊ" या भरवशावर राहू नये. काय करायचं ते आधी एखाद्या वकिलाशी बोलून ठरवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी अडू नये, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 वर लगेच फोन.

तक्रार द्यायची की काकाकडून लिहून घेऊन कर्ज फेडून घ्यायचं, हे प्रत्येक घराचं वेगळं असेल. मला एवढंच वाटतं की ते ठरवताना मुलगी खोलीत असावी. तिच्याविषयी बोलणं चाललंय आणि ती स्वयंपाकघरात चहा टाकतेय, असं नको. आणि तिला आधी एक वाक्य ऐकू यावं, बाबांच्या तोंडून, आजीच्या समोर: "यात तुझी काही चूक नाही."

उलटंही घडतं बरं का. पोरगा आईच्या मोबाईलवरून गेममध्ये पैसे घालवतो, कॉलेजातला मुलगा बाबांचं पॅन वापरून ॲपवरून कर्ज काढतो. तेव्हा आपण चिडतो, फोन काढून घेतो. पण त्यानं जे बघितलं तेच केलेलं असतं. आपणही त्याच्या शिष्यवृत्तीतून लाइट बिल भरलेलं असतं, न विचारता, अगदी सहज. विचारायची सवय आपल्याकडून सुरू व्हायला फार काही लागत नाही. "बाळा, तुझ्या खात्यातले पाचशे घेऊ का, सोमवारी टाकते." नववीतल्या मुलालाही हे म्हणता येतं. सुरुवातीला तो हसेल. नंतर तोही विचारू लागेल.

राहता राहिला काका. तो कुठं जाणार, भाऊच आहे. दिवाळीला येईल, जानेवारीत यात्रेला येईल, आजी त्याच्यासाठी शेंगाचटणी कुटेल. त्याच्याशी आपण बोलावं, जेवायला वाढावं, त्याच्या अडचणीत मार्गही काढावा. फक्त मुलीला "जा, काकाच्या पाया पड" म्हणून पुढं ढकलू नये. तिला कधी बोलावंसं वाटेल ते तिच्यावर सोडावं. कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्यावर वाटेल, नाहीतर त्याच्याही नंतर, आणि तोवर आजीची समजूत आपण काढावी.